३० ए/बी टेस्ट करूनही काही कळलं नाही, आता वेग कसा वाढवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपन्यांना विकलं जाणारं सॉफ्टवेअर, हाताखाली चार टीम, गेल्या सहा महिन्यांत ३० ए/बी टेस्ट केल्या (म्हणजे अर्ध्या लोकांना जुनं, अर्ध्यांना नवीन दाखवून कुठलं चांगलं चालतं ते मोजणं), बहुतेकांचा निकाल 'फरक नाही', दोन-तीन जिंकल्या पण त्यांचा परिणाम नंतर कुठल्याच आकड्यात दिसला नाही, आणि वरून सतत विचारणा की शिकण्याचा वेग वाढवा. ट्रॅफिक आठवड्याला साधारण ४,००० जणांचं. तर वेग वाढवायचा कसा, आणि एवढ्या ट्रॅफिकवर प्रयोग करण्यात अर्थ तरी आहे का?

मी हे काम बरीच वर्षं करतेय, आधी पीएम, म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून आणि नंतर पीएम लोकांची टीम सांभाळताना. माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही वेग चुकीच्या ठिकाणी मोजताय. महिन्याला किती टेस्ट झाल्या हा आकडा बाजूला ठेवा. एखादी शंका कुणी पहिल्यांदा बोलून दाखवली त्या दिवसापासून, त्या शंकेमुळे एखादा निर्णय बदलला किंवा पक्का झाला त्या दिवसापर्यंत किती दिवस गेले ते मोजा. आम्ही एकदा हे मोजलं होतं. साध्या शीटमध्ये प्रत्येक प्रश्नापुढे तीन तारखा टाकल्या, प्रश्न कधी निघाला, पुरावा कधी हातात आला आणि ठरलं कधी. टेस्ट स्वतः दोनच आठवडे चालायची, पण त्याआधी तो प्रश्न अडीच महिने बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, पडून असायचा आणि निकाल आल्यावर अजून तीन आठवडे कुणाच्या तरी मीटिंगची वाट बघण्यात जायचे. म्हणजे टेस्टिंगचं टूल बदलून आम्ही फार तर त्या दोन आठवड्यांतले दोन-तीन दिवस वाचवले असते. तुमच्याकडेही आधी हे काढा, माझा अंदाज आहे की घोडं तिथेच पेंड खातंय.

वाट बघण्याची किंमत किती असते त्याचं बिंग ह्या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनमधलं उदाहरण मी प्रत्येक नवीन पीएमला सांगते. जाहिरातीच्या शीर्षकाला खालच्या वर्णनाची ओळ जोडून शीर्षक लांब करायचं, एवढीच आयडिया होती. सहा महिन्यांहून जास्त काळ ती यादीत खाली पडून होती कारण कुणालाच त्यात दम वाटला नाही. २०१२ मध्ये एका इंजिनिअरने थोड्या दिवसांत कोड लिहून टेस्ट लावली, तर काही तासांतच रेव्हेन्यू इतका वर गेला की काहीतरी बिघडलंय असा अलार्म वाजला. बिघडलं काहीच नव्हतं. वाढ १२ टक्के होती, म्हणजे एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर. इतक्या अनुभवी लोकांनाही ते आधी ओळखता आलं नाही. मायक्रोसॉफ्टमध्येच त्यांनी हिशेब मांडला तेव्हा जेमतेम एक तृतीयांश आयडियांनी ज्या आकड्यासाठी त्या केल्या होत्या तो आकडा सुधारला, आणि आधीच घासूनपुसून चकाचक झालेल्या प्रॉडक्टमध्ये हे प्रमाण १० ते २० टक्क्यांवर येतं. त्यामुळे बहुतेक निकाल 'फरक नाही' येतात म्हणून टीमवर रागावू नका. त्या निकालांनंतर काय झालं, ते विचारा.

माझी स्वतःची एक चूक सांगते. हिशेब विभागातले लोक वापरतात असं सॉफ्टवेअर होतं, आणि तीन मोठ्या ग्राहकांनी मागणी केली होती की रिपोर्ट ठरलेल्या वेळी आपोआप ईमेलने गेले पाहिजेत. मागणी लेखी होती, सेल्स मागे लागलं होतं, मला स्वतःला शंभर टक्के खात्री होती. पाच महिने दोन इंजिनिअर आणि एक डिझायनर लावून आम्ही ते बनवलं, टाइमझोन, परवानग्या, फाइलचे तीन फॉरमॅट, सगळं नीट केलं. रिलीजनंतर दोन महिन्यांनी बघितलं तर ज्यांनी मागितलं होतं त्यांच्यातल्याच दोघांनी ते चालू करून बंद केलं होतं. कारण कळलं ते सपोर्टमधल्या एका सहकाऱ्याकडून. तो म्हणाला, अहो, ते लोक रिपोर्ट डाउनलोड करतात, एक्सेलमध्ये उघडतात, दोन कॉलम काढून टाकतात, एका ठिकाणी स्वतःची टीप लिहितात आणि मग साहेबांना पाठवतात, न बघता परस्पर गेलेला रिपोर्ट त्यांना नकोच असतो. हे त्याला वर्षभरापासून माहीत होतं. आम्ही त्याला विचारलंच नाही.

पुढच्या वेळी असाच एक प्रश्न आला, न जुळणाऱ्या नोंदींची यादी प्रॉडक्टने स्वतःहून काढून दिली तर ती लोकांच्या उपयोगाची आहे का. ह्या वेळी कोड लिहिला नाही. एक पीएम आणि तोच सपोर्टवाला सहकारी दर सोमवारी सकाळी लवकर बसायचे, आठ ग्राहकांचा डेटा त्यांच्या परवानगीने क्वेरीने काढायचे, हाताने साफ करायचे आणि साध्या ईमेलमध्ये यादी पाठवायचे. ग्राहकांना आधीच सांगितलं होतं की ही तात्पुरती सोय आहे, कधीही थांबेल. दोन सोमवार पाठवली आणि तिसऱ्या सोमवारी पाठवलीच नाही. अकरा वाजेपर्यंत आठपैकी पाच जणांनी फोन किंवा ईमेल करून विचारलं की यादी कुठे आहे. एक बाई तर म्हणाल्या की आमची सोमवारची मीटिंग त्या यादीवरच चालते. दोन-तीन आठवड्यांत उत्तर मिळालं, आणि ही यादीवाली सोय नंतर नीट बनवली तेव्हा काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे आम्हाला जवळपास तोंडपाठ होतं, कारण हाताने यादी काढताना कुठल्या नोंदी दरवेळी खोट्या निघतात तेही दिसलं होतं. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर बनवण्याआधी जेफ हॉकिन्स लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचे आणि त्यावरच अपॉइंटमेंट बघितल्यासारखं करायचे, ते ह्याच जातीचं काम.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, प्रयोग म्हणजे ए/बी टेस्ट हे समीकरण आधी सोडा. आता आकड्यांकडे येऊ, कारण इथे थोडं गणित केलं की बराच गोंधळ संपतो.

समजा तुमचं कन्व्हर्जन, म्हणजे आलेल्यांपैकी हवी ती गोष्ट करणाऱ्यांचं प्रमाण, ५ टक्के आहे. नेहमीच्या अटींवर, म्हणजे ५ टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना फरक दिसण्याची जोखीम) आणि ८० टक्के पॉवर (फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) धरून, प्रत्येक बाजूला लागणारे लोक काढायचा ढोबळ नियम असा की १६ गुणिले व्हेरिअन्स (इथे ०.०५ गुणिले ०.९५) भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. ५ चे ५.२५ टक्के झाले हे पकडायचं असेल तर प्रत्येक बाजूला साधारण १,२१,६०० लोक लागतात, दोन्ही मिळून २,४३,२००. आठवड्याला ४,००० म्हणजे साधारण ६१ आठवडे, वर्षाहून जास्त! तेच ५ चे ६ झाले हे पकडायचं असेल तर प्रत्येक बाजूला ७,६०० पुरतात, म्हणजे साधारण चार आठवडे. तुमच्या ३० टेस्टमध्ये बटणाचा रंग, शब्द इकडचा तिकडे, असल्या किती होत्या ते बघा, त्या सगळ्या पहिल्या दिवसापासून निकाल न देणाऱ्याच होत्या. कमी ट्रॅफिकवर टेस्ट करायचीच तर धीट बदलाची करा, अख्खी पायरी काढून टाका, फॉर्मची चार पानं एक करा, ज्याने एक पंचमांश फरक पडू शकेल असं काहीतरी.

त्यात तुमचं प्रॉडक्ट कंपन्या वापरतात. एकाच कंपनीतल्या दोघांना वेगवेगळे स्क्रीन दिसले की ते एकमेकांना विचारतात, सपोर्टला फोन जातो आणि टेस्टही नासते, त्यामुळे वाटणी युजरवर न करता अकाउंटवर, म्हणजे अख्ख्या कंपनीवर, करावी लागते. मग मोजायचं एकक अकाउंट होतं आणि हाताशी असलेला आकडा अजून खाली येतो. हे लक्षात न घेता युजरनिहाय पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक दिसण्याची शक्यता) काढली तर ती फसवी असते.

आणि त्या जिंकलेल्या दोन-तीन टेस्ट. मला शंका आहे की निकाल रोज उघडून बघितला जात होता आणि हिरवं दिसलं की टेस्ट थांबवली जात होती. खरा फरक शून्य असतानाही एकदाच बघितलं तर खोटा सिग्निफिकंट निकाल येण्याची शक्यता ५ टक्के असते, पण चालू टेस्टमध्ये ठरावीक अंतराने पाच वेळा डोकावलं तर ती १४ टक्क्यांवर जाते आणि दहा वेळा डोकावलं तर १९ वर. आता ३० टेस्टना हे १९ टक्के लावा. एकाही बदलात दम नसला तरी पाच-सहा निकाल सिग्निफिकंट दिसतील, त्यातले अर्धे जिंकण्याच्या बाजूचे, म्हणजे तीनेक. तुमचा आकडा अगदी तिथेच येतो. त्यामुळे तो परिणाम नंतर रेव्हेन्यूत का दिसला नाही ह्याचा शोध घेण्यात अजून वेळ घालवू नका, बहुधा तिथे परिणाम नव्हताच. टेस्ट किती दिवस चालणार ते आधी ठरवा आणि तेवढे दिवस निकालाचा डॅशबोर्ड झाकून ठेवा, किंवा मध्ये बघायचंच असेल तर त्यासाठी बनवलेली सिक्वेन्शियल पद्धत वापरा. काही मोडलंय का, एरर वाढल्या का, हे मात्र रोज बघायचं, त्याला हा नियम लागू नाही.

अजून एक तपासणी जी फुकटात होते आणि तरी लोक टाळतात. वाटणी ५०-५० लावली होती तर मोजणीतही तेवढीच आली का ते बघा. ती न जुळण्याला एसआरएम (सॅम्पल रेशो मिसमॅच) म्हणतात, आणि मायक्रोसॉफ्टमध्ये साधारण ६ टक्के टेस्टमध्ये हा दोष सापडला होता, जिथे ह्या कामासाठी वेगळी टीम आहे. आमच्याकडे एकदा नवीन पान मस्त जिंकलं, सगळे खूश, आणि एका ज्युनिअर अॅनालिस्टने हळूच विचारलं की नवीन बाजूला लोक कमी का आहेत. ५२-४८ होतं, आणि हजारोंच्या संख्येवर एवढा फरक नशिबाने पडत नाही. शोधल्यावर कळलं की नवीन पान जड होतं, आमची मोजणी पान पूर्ण लोड झाल्यावर चालू व्हायची, आणि कंटाळून आधीच निघून गेलेले लोक हिशेबातच येत नव्हते. उरलेले चिकाटीचे, त्यांचं कन्व्हर्जन जास्त असणारच. मुळात पान हरलं होतं. आकडा फारच चांगला दिसला की आधी मोजणी तपासायची, ही सवय त्या मुलीने आम्हाला लावली.

मेट्रिकबद्दल थोडक्यातच. बिंगमध्ये एका बगमुळे सर्चचे निकाल खराब यायला लागले, तर माणशी क्वेरी १० टक्क्यांहून जास्त वाढल्या आणि रेव्हेन्यू ३० टक्क्यांहून जास्त, कारण लोकांना हवं ते सापडेना, मग ते पुन्हा पुन्हा शोधत होते आणि जाहिरातींवर क्लिक करत होते. म्हणून त्यांनी लोक परत परत येतात का, म्हणजे माणशी सेशन, ह्याला जास्त महत्त्व दिलं. तुमच्या प्रॉडक्टमध्ये 'जास्त क्लिक' म्हणजे चांगलं की माणूस अडकलाय, हे एकदा बसून ठरवा.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, कारण हे लीडरशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही. प्रयोग चालू करण्याआधी, निकाल आल्यावर काय करणार हे लिहून ठेवायचं. अर्ध्या पानाची चिठ्ठी पुरते: आम्हाला काय वाटतंय, ते चुकीचं असेल तर काय दिसेल, कुठल्या आकड्याला काय करणार, आणि कुणी कुठल्या तारखेला ठरवायचं. 'वाढ इतक्यापेक्षा कमी आली तर कोड त्याच आठवड्यात काढायचा' असं स्पष्ट वाक्य हवं. हे लिहिताना बऱ्याचदा असं लक्षात येतं की निकाल काहीही आला तरी आपण तेच करणार आहोत, कारण ग्राहकाला शब्द दिलाय किंवा कायद्याने लागतंय किंवा साहेबांच्या मनात पक्कं बसलंय. मग ती टेस्ट करूच नका, थेट बनवा आणि तो वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्या. निर्णय झाल्यावर पुरावे गोळा करणं म्हणजे वरातीमागून घोडं. तसंच जे बदल स्वस्त आहेत आणि एका दिवसात मागे घेता येतात ते सरळ करून टाका, त्यांच्यासाठी चिठ्ठीही नको.

चिठ्ठी लिहून घेणं सोपं आहे, पाळणं अवघड. माझ्याच आवडत्या एका फीचरची टेस्ट होती, नवीन ग्राहकांना पहिल्या दिवशी हात धरून सगळं दाखवणारं गाइड. निकाल सपाट आला. मीटिंगमध्ये तीन जण लगेच माझ्या बाजूने बोलायला लागले, सॅम्पल लहान होतं, मोठ्या ग्राहकांत थोडं वर दिसतंय, अजून दोन आठवडे चालवूया. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पण टेबलावर चिठ्ठी होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. मी म्हटलं, लिहिल्याप्रमाणे काढून टाका, आणि शुक्रवारपर्यंत कोड गेला. खरं सांगते, त्या दिवशी वाईट वाटलं, त्या गाइडवर मी स्वतः कित्येक रात्री बसले होते. पण पुढच्या महिन्यात जो बदल झाला तो कुठल्याही ट्रेनिंगने झाला नसता, लोक वाईट बातमी पहिल्या दिवशी आणायला लागले. आधी ती तीन आठवडे मुरवत बसायचे. त्या आमच्या शीटमधला निकाल ते निर्णय हा तीन आठवड्यांचा खड्डा ह्यानेच भरला.

दर आठवड्याला अर्धा तास ठेवा, त्यात प्रेझेंटेशन नको, फक्त ज्यांची तारीख आली त्या चिठ्ठ्या उघडायच्या आणि ठरवायचं. ज्याच्याकडे अधिकार आहे तो माणूस खोलीत नसेल तर ती मीटिंग घेऊ नका.

ग्राहकांशी बोलण्याबद्दल एवढंच, हल्ली प्रोटोटाइप एका दिवसात तयार होतो, त्यामुळे लोक तो दाखवून 'आवडलं का' विचारतात आणि ग्राहक 'छान आहे' म्हणतो. त्यातून काही मिळत नाही. मागच्या वेळी हे काम कधी केलं, स्क्रीन शेअर करून तसंच्या तसं करून दाखवता का, असं विचारा आणि गप्प बसा. पाच जण पुरतात असं जे म्हणतात ते वापरताना कुठे अडतं हे शोधण्यापुरतं आहे, किती जणांना हवंय हे पाच जणांवरून कळत नाही.

वेगासोबत सांभाळायची बाजूही आहे. सगळं फीचर फ्लॅगमागे, म्हणजे कोडमधल्या चालू-बंद करायच्या बटणामागे ठेवा, आधी थोड्या अकाउंटना द्या, पण प्रत्येक फ्लॅगला मालक आणि मरण्याची तारीख हवी. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल ह्या शेअर ट्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपनीत जुना फ्लॅग नव्या कामासाठी परत वापरला, आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड गेलाच नव्हता, तिथे त्या फ्लॅगने कधीचा पडून राहिलेला जुना कोड जागा केला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. आणि लोकांच्या विश्वासाशी खेळ होईल असा प्रयोग करू नका. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला भावनांचा सूर बदलून बघितला, २०१४ मध्ये ते छापून आलं तेव्हा लोक का भडकले हे समजायला फार विचार लागत नाही. आमच्याकडे एकच प्रश्न विचारतो, हे ग्राहकाला फोनवर समजावून सांगताना आपल्याला अवघडल्यासारखं होईल का. होत असेल तर थांबतो.

सुरुवात करायची तर त्या ३० टेस्टची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे हिच्यामुळे कुठला निर्णय बदलला किंवा पक्का झाला हे एका ओळीत लिहा, पीएमना लिहू देऊ नका, तुम्ही स्वतः लिहा. बऱ्याच ओळी रिकाम्या राहतील, ते अपेक्षितच आहे. मग पुढच्या दोन तिमाहींच्या रोडमॅपमधलं सगळ्यात महागडं काम निवडा, त्यातली कुठली एक गोष्ट खोटी निघाली तर अख्खं काम वाया जाईल ते शोधा, आणि एक पीएम व सपोर्टमधला एक जुना माणूस अशा दोघांना दोन-तीन आठवडे फक्त तेवढंच हाताने करून बघायला द्या. पाच-सहा ग्राहक पुरेत. आणि सेल्सला आधी सांगून ठेवा की हे अजून प्रॉडक्ट नाहीये, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी ग्राहकाला रिलीजची तारीख देऊन मोकळं होतं आणि मग निकाल काहीही आला तरी ते बनवावंच लागतं.